शेवंताबाईंच्या दारातला करा

प्रिय सत्यजीत,

पत्रात मी तुला 'तू' म्हणते. घरात चारचौघांत 'अहो'च होतं. साखरपुडा झाल्यावर मी तुला पानंच्या पानं लिहायची, आठवतं? हातात फोन असताना पत्रं कशाला, म्हणून तू हसायचास. तुझं उत्तर एका ओळीचं यायचं. 'पोचलं. बरं आहे.' तेव्हा राग यायचा. आता ती ओळ कुठल्याही कागदावर चालेल.

आज अखिती, अक्षय्य तृतीया. नैवेद्य झाला, जेवणं झाली. तुझ्या आई, माझ्या आत्या, ओसरीवर पंख्याखाली आडव्या झाल्या आहेत, पण झोपलेल्या नाहीत. आपली लेक प्रांजल माझ्या माहेरी गेली आहे. ती आता माझ्या खांद्याच्या वर आली. बाहेरच्या उन्हाकडे पाहवत नाही. आधी एक बातमी सांगते, कारण ती तुला कुणी सांगितली नसणार. तुझे वडील, मामा गेले. कार्तिकात. आजारी असे नव्हते. उसाला पाणी देऊन आले, पाय धुतले, खाटेवर टेकले आणि उठले नाहीत. अग्नी तुझ्या चुलतभावाने, पप्पूने दिला. शेवटपर्यंत त्यांनी तुझं नाव काढलं नाही. पण जेवायला बसताना तोंड दाराकडे करून बसायचे.

म्हणून यंदाची अखिती वेगळी होती. नवीन गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी भरायचा पहिला करा, मातीचा. आपल्या घरात पहिल्या वर्षाचा करा बाजारातून आणत नाहीत, हे तुला माहीत आहे. घरातल्या माणसाने कुंभाराच्या दारात चालत जायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं, मग कुंभार तो करा वाजवून हातात देतो. काल पप्पू म्हणाला, "वैनी, गाडीवर टाकून आनतो की. आत्ता जातो आन् आत्ता येतो." आत्या म्हणाल्या, "चुलत्याचं पानी गाडीवरनं आनतो व्हय रं?" आत्यांचे गुडघे आता चालत नाहीत. राहिले मी. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तीन आन." मी विचारलं, तीन कशाला? एक पितरांचा, एक मामांचा. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जिता असला तर कुटंबी पानी पिईल. नसला तर त्येला कोन देनार?"

मी पिशवी घेतली, चुंबळ घेतली, निघाले. तू गेल्यापासून चार वर्षं या घरात आम्ही दोघी एका गोष्टीवर भांडलो नव्हतो. तुझं ताट वाढायचं नाही, पण तुझे कपडे कुणाला द्यायचे नाहीत. तुझ्या फोटोला हार घालायचा नाही. मी कुंकू लावलं तर त्या बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. हे सगळं न ठरवता ठरलेलं होतं. तिसरा करा भरला की ते मोडणार. करा भरला की तू पितरांत बसणार, मामांच्या शेजारी. आणि मामांच्या लेखी तर तू अजून दारातून आत यायचा होतास.

निघायला उशीर झाला. उत्खनन झालेल्या टेकाडांजवळून गेले तेव्हाच ऊन डोक्यावर आलं होतं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तू मला तिथे घेऊन गेला होतास. खापराचे तुकडे पायाने उलटे करून दाखवत होतास. म्हणालास, तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपलं मेलेलं माणूस गावाबाहेर नेत नसत. घरातच जमिनीखाली पुरत, आणि त्याचे पाय घोट्यापासून कापून टाकत. मी विचारलं, का? तू म्हणालास, कुठं जाऊ नये म्हणून. खोदणाऱ्या साहेबांचाही तसाच अंदाज आहे म्हणे. आपण दोघंही हसलो होतो. मी पायातलं पैंजण वाजवून दाखवलं होतं. आता मी तिथून जाते तेव्हा खाली बघत नाही.

पुढे कालव्याचा रस्ता. पाणी सुटलेलं नाही, तळाला भेगा आहेत. डांबर चपलेला चिकटत होतं म्हणून कडेच्या मातीतून चालले, तर माती चपलेतून भाजत होती. कांदे निघून गेलेली रानं. पात वाळून पडलेली, तिचा वास. माणूस नाही. बाभळीखाली तात्याबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "काय गं सूनबाई, ऊन मोजाया निघालीस व्हय?" मी पदर पुढे ओढून म्हटलं, करे आणायला. ते म्हणाले, "पप्प्याची गाडी काय पेट्रोलबिगर मेली का?" मग त्यांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. ते चहासारखं गरम होतं. मी पीत असताना ते नदीकडे बघत म्हणाले, "तुझा मालक बी ह्याच रस्त्यानं जायचा. भर उन्हाचा. बॅग पाठीला. मी म्हनायचो, कंपनी हिकडं आली का काय नदीत?"

तुला आता कळलंच असेल की आम्हाला कळलं. कारेगावच्या कंपनीने संक्रांतीनंतर तुला ब्रेक दिला होता, कामावरून कमी केलं होतं, हे मला गेटवरच्या माणसाने सांगितलं, तू गेल्यानंतर. तोपर्यंत मी रोज तुझा डबा भरत होते, बाटली भरत होते. तू फाट्यावर कंपनीच्या बसला जायचास, संध्याकाळी परत यायचास. घामाने शर्ट पांढरा झालेला असायचा. मी म्हणायची, आत फार उकडतं का? तू म्हणायचास, मशीन तापतं. मी याबद्दल तुझ्यावर चिडलेले नाही. मला फक्त एक कळत नव्हतं. संक्रांत ते अखिती, इतके दिवस तू कुठे होतास? कुठे बसायचास, डबा कुणाजवळ खायचास? पोलिसांनी सांगितलं, फोन शेवटचा दौंडला लागला होता. मी दौंडला गेले, स्टेशनवर तुझा फोटो दाखवला. तिथून गाड्या पुण्याला जातात, मनमाडला जातात, सोलापूरला जातात. तू कुठल्या गाडीत बसलास ते कुणाला माहीत नव्हतं. घरी येऊन पाहिलं, तुझी बाटली ओट्यावर होती. भरलेली. ती मी अजून तशीच ठेवली आहे. पाणी तेवढं बदलते.

नदीला उतरले तेव्हा कान वाजत होते. घोड नदीत डबकी आहेत, बाकी वाळू. काठाकाठाने खाली चाललं की कुंभारांची चार घरं लागतात, पिंपळ आहे. पिंपळाखाली करे ओळीने उपडे ठेवलेले होते. शेवंताबाई म्हणून एक म्हातारी बाई बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं काही नाही, आधी डेऱ्यातून तांब्या भरला. म्हणाली, "घोट घोट पी. गटागटा पिलीस तर हितंच झोपशील." मी पाणी प्याले. असं गार पाणी मी या उन्हाळ्यात प्यालेलं नाही. मग ती म्हणाली, "कुठलं गाव?" मी म्हटलं, इनामगाव. तिचं तोंड खुललं. "इनामगावचं एक पावनं यायचं की आमच्याकडं. कंपनीवालं. निळा शर्ट, पाठीला बॅग. त्या तिथं बसायचं, डबा खायचं, बाटलीतलं गरम पानी पिंपळाला वतायचं आन् आमचं प्यायचं. डोळं मिटून प्यायचं बया, देवापुढं उभं राहिल्यावानी."

डोळे मिटून पाणी पिणारा माणूस मला एकच माहीत आहे.

मी पिंपळाच्या मुळावर बसले. ती बोलत होती. तू तिच्या मालकाला माती मळायला हात द्यायचास. करे वाजवून बघायचास आणि फुटका बरोबर ओळखायचास. शेवटचा आलास तेव्हा भट्टी पेटलेली होती, अखिती तोंडावर होती. त्या दिवशी तुझ्याकडे बाटली नव्हती. तू पोटभर पाणी प्यालास आणि विचारलंस, नदी धरून चाललं तर दौंड किती लांब? रेल्वे धरायची आहे. आणि म्हणालास, आमचा करा बाजूला ठेवा, मी आलो की नेतो. "ठिवला की," ती म्हणाली. "वाट बघून दुसऱ्याला दिला. आता न्हाई येत ते. शिफ्ट बदलली आसंल. तुमच्या वळखीचं हायती व्हय?" मी म्हटलं, आमचेच. तिने कपाळाला हात लावला. "आगं माझे बाय! आन् मघापास्नं गप बसलीस? मंग सांग त्यास्नी, म्हातारी शिव्या देती म्हनावं. करा ठिवाया सांगून गेलं ते गेलंच. कंपनी लांब पडली व्हय आता?" मी म्हटलं, हो. लांब पडली.

सत्यजीत, चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तुझ्याबद्दल असं बोललं. आवाज न उतरवता. माझ्या गळ्याकडे न बघता. तिच्या हिशेबी तू शिफ्ट बदललेला माणूस आहेस, येत नाहीस म्हणून शिव्या खाण्यालायक. मला तिथून उठावंसं वाटेना.

मग तिने एक करा उचलला आणि म्हणाली, नाव घे. मी म्हटलं, पितरांचा. तिने बोटाच्या पेराने वाजवला, खणखणीत वाजला. दुसरा उचलला. मी म्हटलं, कोंडिबा. सासऱ्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने घेतलं. तोही वाजला. तिसरा तिने हातात धरला. "आन् ह्यो?"

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. तुझं नाव घेतलं असतं तर त्या दारात तू तिथल्या तिथे मेला असतास. आत्यांनी सांगितलं होतं, आणि आत्या खोटं काही म्हणालेल्या नव्हत्या. पण ज्या एका ठिकाणी तू अजून येणार आहेस, त्या ठिकाणी मी तुला मारू शकले नाही. मी म्हटलं, हा इथेच असू द्या. त्यांनी सांगितलेला आहे ना, तेच येऊन नेतील. शेवंताबाईने करा खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघितलं, माझ्यासमोरच्या दोन कऱ्यांकडे बघितलं. तिला कळलं असावं. उठली, डेऱ्यातून पाणी काढून करा भरला आणि पिंपळाच्या सावलीत मुळाच्या बेचक्यात बसवला. म्हणाली, "रिकामा ठिवला तर उन्हानं तडकतो. भरलेलाच बरा."

येताना डोक्यावर दोन करे होते, एकावर एक. सावली आता पायाखालून सरून लांब पडायला लागली होती. तात्याबा उठून गेले होते. मी तुझ्या रस्त्याने चालत होते हे मला जाताना माहीत नव्हतं, येताना माहीत होतं. एवढाच फरक. ऊन तेवढंच होतं.

आत्या दारातच होत्या. त्यांनी करे उतरवून घेतले, पिशवीत हात घालून पाहिलं. "तिसरा?" मी सगळं सांगितलं. पिंपळ, डबा, मळलेली माती, दौंडची चौकशी, बाजूला ठेवायला सांगितलेला करा. सांगताना मला वाटत होतं, आता भांडण होणार. चार वर्षांचं एकदम. त्या ऐकत बसल्या. खूप वेळ कऱ्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. मग विचारलं, "गार होतंय का त्यातलं पानी?" मी म्हटलं, होतं. "मंग आसू दे," त्या म्हणाल्या. आज सकाळी गव्हाच्या राशीवर दोनच करे मांडले. पप्पूने पाणी घातलं. पितरांना दाखवून झाल्यावर आत्यांनी टोपलीतून एक आंबा बाजूला काढला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. कुणासाठी ते बोलल्या नाहीत.

म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून मी तुला लिहिलं नाही, कारण कुठे पाठवायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उद्या ऊन चढायच्या आत मी पुन्हा नदीने जाणार आहे. पत्र शेवंताबाईजवळ ठेवणार, आंबाही. आंबा टिकणार नाही, तो तिला खायला सांगेन. पत्र टिकेल. दौंडहून कुठली गाडी धरलीस ते मी विचारत नाही. का गेलास तेही या पत्रात विचारत नाही. ते तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक घाबरट होते, असं मला काल येताना वाटलं. आम्ही कुणाचे पाय धरून ठेवत नाही. तुला चालायचं असेल तर चाल. पण ऊन फार आहे, आणि तुझी बाटली इथे आहे. तहान लागली तर त्या पिंपळाखाली ये. डोळे मिटून पाणी पी. पुढे घरापर्यंत यायचं की नाही, ते पाणी प्यायल्यावर ठरव. मधून मधून मी येऊन करा भरत जाईन. कधी पाणी कमी झालेलं दिसलं तर उन्हाने आटलं असं एकदम धरून चालणार नाही. आणि हे वाचलंस तर कागदाच्या मागे एक ओळ लिही. 'पोचलं' एवढंच लिहिलंस तरी 'बरं आहे' मी माझं समजून घेईन.

अजून 'अहो'च म्हणणारी, तुझीच
राजनंदिनी