दिवा विझला की चार्जिंग पूर्ण

२ मार्च
आज इतिहास घडला. हिच्या जुन्या स्कूटरचं पेट्रोल इंजिन काढून मोटर बसवली. पायाशी बॅटऱ्या. नाव ठेवलं विद्युल्लता. सासरे आमच्याकडेच असतात, ते नुसतं 'लता' म्हणाले. हिने विचारलं, इंजिन कुठंय. भंगारात दिलं. परतीचे दोर कापल्याशिवाय क्रांती होत नाही.
१८ तारखेला ही टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात हेड नर्स म्हणून रुजू होणार. या बढतीसाठी तिने किती वर्षं वाट पाहिली. पहिल्या दिवशी तिला विद्युल्लतेवरून मीच सोडणार. शब्द दिलाय.

३ मार्च
हॉलमधल्या टीव्हीच्या बोर्डावरून वायर खिडकीबाहेर काढली. चार्जरवर लाल दिवा लागला. आता रात्रभर चार्जिंग.
या घरात विजेची फार उधळपट्टी. प्रत्येक बोर्डावर पाटी चिकटवली : काम झालं की बटण बंद. शिवाय छोटंसं भाषण दिलं. सासऱ्यांनी मन लावून ऐकलं. ही मध्येच आंघोळीला गेली.

४ मार्च
सकाळी दिवा विझलेला. म्हणजे चार्जिंग पूर्ण. पोट भरलं की पानावरून उठावं, तसा चार्जर आपणहून उठला. हुशार यंत्र.
ट्रायल घेतली. कोपऱ्यापर्यंत झकास. मग थांबली. नवी आहे, बुजली असेल. ढकलत आणली. शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर गॅलरीतून बघत होते. जळतात लोक.

७ मार्च
रोज दिवा विझलेला, तरी मीटर म्हणतो बॅटरी रिकामी. मीटर स्वभावानेच निराशावादी. काढून टाकला. हँडल आता किती मोकळं दिसतं.

९ मार्च
ही म्हणते, इलेक्ट्रिशियनला दाखवू या. मी तिला समजावलं की दोष गल्लीचा आहे. आमच्या गल्लीला जातानाही चढ, येतानाही चढ. सासरे म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. म्हण चांगली आहे, पण इथे तिचा संबंध कळला नाही.

१३ मार्च
सासरे रात्रभर टीव्हीवर मॅच बघत बसले होते. विजेवरून मी त्यांना दोन शब्द सुनावले. यापुढे तक्रारीला जागा ठेवणार नाही, म्हणाले.
मात्र आज विद्युल्लता बाजारापर्यंत जाऊन परत आली. कारण उघड आहे. काल मागच्या चाकाला तेल दिलं होतं.

१७ मार्च, संध्याकाळ
हिने युनिफॉर्मला इस्त्री केली, बूट पांढरेशुभ्र करून ठेवले. बसची वेळही विचारून आली होती. मी हसलो. चाकाला पुन्हा तेल. वायर लावली, लाल दिवा स्वतः पाहिला.
सासऱ्यांनी आज टीव्हीसुद्धा लावला नाही. मोठा दिवस म्हणून सगळे लवकर झोपताहेत. घर अखेर शिस्तीत आलं.

१८ मार्च, सकाळ
अर्ध्या चढावर थांबली. तेल तर भरपूर होतं.
हिने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि चढ चालायला लागली. वळणापर्यंत पांढरे बूट दिसत होते. मला फार वाईट वाटलं.
ढकलत घरी आलो. टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंद. कोणी केलं, असं विचारलं.
सासरे म्हणाले, "मीच करतो रोज. टीव्ही झाला की बंद. काल टीव्ही नव्हताच, म्हणून जेवण झाल्याबरोबर केलं. पाटी तुम्हीच लावलीत ना, जावईबापू?"

१८ मार्च, संध्याकाळ
ही आली. पहिल्याच दिवशी उशीर, हाताखालच्या नर्सेससमोर बोलणी खाल्ली. मी सगळं नीट उलगडून सांगितलं. मोटर उत्तम, बॅटऱ्या उत्तम, वायरिंग उत्तम.
बुटांच्या नाड्या सोडत तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बिघाड गाडीत नव्हता."
मी म्हणालो, तेच तर केव्हापासून सांगतोय.

१९ मार्च
चार्जिंग पूर्ण झालं की दिवा विझत नाही, हिरवा होतो. हे आज कळलं.
हेल्मेट पुसून दारात उभा राहिलो. ही पहिल्या बसने कधीच गेली होती. सासऱ्यांना विचारलं, एक चक्कर मारायची का. त्यांनी चपला घातल्या, म्हणाले, नको, मला वेळेवर पोचायचंय. आणि जाता जाता बटण बंद करून गेले.