पाववाल्याचे हात

११ मार्च १९०८

अकुर्सिओनं आज पुन्हा नाही म्हटलं! अख्ख्या गल्लीत एकटा तोच. भाजीवाला देतो, न्हावी देतो, चर्चच्या दारातली मेणबत्त्यावालीसुद्धा देते. आणि हा पाववाला म्हणे, "पाव हवा तर घ्या, हप्ता मिळणार नाही." वर पाठ फिरवून कणीक मळायला लागला.

लिबोरिओनं हे जेवताना सांगितलं. हसत हसत! तो चिडला की मला भीती वाटत नाही. भांडी आपटतो, मग माझे पाय चेपून देतो, संपलं. हसला की वाटते.

माझा नवरा काय करतो ते मला कोणी सांगितलं नाही, कोणी लपवलंही नाही. लग्नाच्या वेळी तिकडे गावी, शाक्काच्या बंदरावर मासे उतरवायचा. न्यूयॉर्कला आलो आणि चार वर्षांत त्याच्या अंगावर चांगला कोट आला, लोक मला 'दोन्ना निन्फा', म्हणजे निन्फाबाईसाहेब, म्हणायला लागले. पिद्दासुद्धा! ती ह्या अकुर्सिओची बायको. एका बोटीतून आलो, एकाच बादलीत ओकलो, आणि आता 'दोन्ना' म्हणते. तोंडावर मारल्यासारखं लागतं.

कार्निवलच्या आठवड्यात दारूवाला रोझोलिनो स्वतःच्याच तळघराच्या पायरीवर मरून पडला. सुरीचे वार. पाववाल्याच्या दुकानाच्या अगदी समोर. पोलीस आले, कोणी काही पाहिलं नव्हतं. आमच्या गल्लीत कोणी काही पाहत नाही. त्या दिवशी मी मात्र लिबोरिओच्या तोंडाकडे बघत बसले होते— खोटं कशाला लिहू? पण तो तर रात्रभर घरीच होता. मला ओकाऱ्या होत होत्या म्हणून पहाटे संत्री आणायला गेला तेवढाच. त्या थंडीत! आणली, सोलली, शिरा काढून एकेक फोड भरवली. अशा माणसाबद्दल मनात तरी कसं आणायचं?

त्याला वाचता येत नाही, म्हणून ही वही उघडीच पडलेली असते. शाई तोच आणतो. "लिही, लिही! घाल शिव्या मला!"

१३ मार्च

पाव दुसरीकडून आणला. माती.

१९ मार्च

सान जुझेप्पेचा, सुतार संताचा सण. पिद्दानं पाव पाठवला— वेणी घातलेला, वर तीळ, सुताराची करवत, शिडी, सगळं कणकेचं! हप्ता देणार नाही, पण सणाचा पाव चुकवणार नाही. असा आहे अकुर्सिओ.

लिबोरिओ तो पाव हातात फिरवून फिरवून बघत होता. म्हणाला, "काय हात आहेत गं त्या पाववाल्याचे! पोरसुद्धा झोपेल त्यांत."

मग पोटाला कान लावून गात बसला. भसाडा आवाज. आतून लाथ बसली तर म्हणतो, "बघ, दाद देतंय!"

३० मार्च

लिबोरिओची दोन माणसं आली होती. मी आत वांगी तळत होते. एकजण म्हणाला, "पाववाल्याचं किती दिवस असं चालवायचं? आज त्यानं नाही म्हटलं, उद्या सगळे म्हणतील." लिबोरिओ म्हणाला, "माझ्या घरात पाळणा हलू दे. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही."

तोवर! आणि मग? वांगी जळली.

ज्या हातांनी तो माझं बाळ घेणार, त्या हातांना अकुर्सिओचं रक्त नको. एवढंच मागते. बाकी तो जसा आहे तसा माझा आहे.

५ एप्रिल

सुचलं! माळ जपता जपता सुचलं, मादोन्नामाउलीनंच सुचवलं असेल.

कुंपारी! बाप्तिस्म्याच्या पाण्यावर ज्याच्या हातात आपलं पोर असतं तो आपला कुंपारी. सख्ख्या भावावर सुरी काढणारे आमच्यात आहेत. कुंपारीवर काढणारा अजून जन्मायचा आहे. ते नातं बाप्तिस्मा देणारा संत सान जोव्हान्नी स्वतः राखतो, आणि तो माफ करत नाही. कुंपारी झाल्यावर अरे-तुरेसुद्धा बंद, बालमित्र असले तरी एकमेकांना अहो-जाहो.

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही. तो दाढी करत होता, तिथंच गाठला.

"मला डोहाळे लागलेत."

"काय हवं? अंजीर? ह्या दिवसांत कुठून—"

"अकुर्सिओ हवा. कुंपारी म्हणून."

वस्तरा तसाच गालावर! मग हसू फुटलं त्याला. "अगं बये, डोहाळे खाण्याचे असतात, माणसांचे नाही!"

मी लगेच स्वतःच्या गालाला हात लावला. डोहाळे पुरे झाले नाहीत तर आईचा हात जिथं लागेल तिथं पोराला डाग उठतो, हे त्यालाही ठाऊक आहे. "बघ हं," म्हटलं, "गालावर पाववाला उठेल तुझ्या पोराच्या!"

"हात काढ! काढ आधी! तुझं म्हणणं कबूल."

इतक्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं. किती गुणाचा आहे! फेस लागलेल्या तोंडानं पापा घेतला, माझी वेणी पांढरी.

६ एप्रिल

लिबोरिओ पाववाल्याकडे गेला. टोपी हातात घेऊन.

म्हणे अकुर्सिओ हातावरची कणीक काढत राहिला, सुटत नसल्यासारखी. पिद्दा भिंतीला टेकून उभी. शेवटी म्हणाला, "सान जोव्हान्नीला नाही म्हणता येत नाही."

मी आतल्या खोलीत जाऊन रडले. आनंदानं.

२ मे

पाय सुजलेत. चपलेत मावत नाहीत. लिबोरिओ त्याचे बूट घालून फिरवतो मला, सगळा जिना हसतो.

२८ मे

मुलगी! लिबोरिओ रडला. सुईण म्हणाली, मुलगी झाली म्हणून रडणारे बाप पुष्कळ पाहिले, असा रडणारा पहिलाच.

७ जून

बाप्तिस्मा झाला. नाव बेनेदेत्ता, सासूबाईंचं.

अकुर्सिओ काळा कोट घालून आला होता, नखं घासून घासून लाल केलेली. चर्चमध्ये पाय ठेवल्यापासून पोरीनं भोकाड पसरलेलं. माझ्याकडे थांबेना, बापाकडे थांबेना. अकुर्सिओनं घेतली. एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली, अगदी कणकेचा गोळा उचलतो तसा अलगद. आणि गप्प! पाणी पडलं तरी नुसते डोळे मिचकावले. तो तिच्याकडे बघत राहिला. त्या दोघांना मूल नाही. एक झालं होतं, ते बोटीवरच गेलं.

बाहेर आल्यावर लिबोरिओनं त्याला दोन्ही गालांवर पापा दिला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "कुंपारी, आजपासून तुम्ही माझे, मी तुमचा!"

'तुम्ही'! काल-परवापर्यंत 'तो पाववाला' होता. माझ्या अंगावरून कुणीतरी दगड उचलला.

पिद्दानं मात्र मला जवळ घेतलं नाही. बदाम वाटत होते, तिच्यापुढं धरले. म्हणाली, "दात दुखतोय."

१५ जून

पोरगी बापाचं बोट सोडत नाही. त्याला तीन ठिकाणी जायचं होतं. गेला नाही.

२२ जून

पोरगी झोपलीय, तेवढ्यात लिहून काढते.

गच्चीवर लंगोट वाळत घालत होते. पिद्दा आली. म्हटलं, दात बरा आहे का? तर म्हणाली, "माझ्या दाताला काय धाड भरलीय!" आणि मग बोलत सुटली. पहिल्यांदाच, 'दोन्ना' विसरून.

"आज ह्यांना न्यायाधीशापुढं जायचं होतं, निन्फे. रोझोलिनोच्या खुनाचं. भट्टी पेटवताना पाहिलं होतं ह्यांनी, पायरीवरून कोण वर आलं ते. उजाडलं नव्हतं, पण दिवा होता. त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी होती."

मी लंगोट धरून उभी.

"कार्निवलपासून झोपले नाहीत. शेवटी म्हणाले, बोलणार. साक्ष देणार असं सांगूनही आले होते. आणि मग तुझा नवरा टोपी हातात घेऊन दारात! आज गेले कोर्टात. सांगितलं, काही पाहिलं नाही. न्यायाधीशानं विचारलं, लिबोरिओला ओळखता? तर म्हणाले, 'ओळखतो. माझे कुंपारी आहेत ते.'"

मी म्हटलं, "पण पिद्दा, मी तर हप्त्यावरून— त्यांचा जीव वाचावा म्हणून—"

"हप्ता! हप्त्यासाठी मारतात होय पाववाल्याला? उद्या पाव कोण देणार? कुंपारीविरुद्ध तोंड उघडलं तर सान जोव्हान्नी जीभ सडवतो. हे तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. मी एकाच बाजूनं पाहिलं.

ती जाताना म्हणाली, "जीव वाचला त्यांचा. नाही म्हणत नाही मी. आल्यापासून कणीक मळतायत. भट्टी पेटवलेली नाही, नुसती मळतायत." मग वळून बेनेदेत्ताच्या पायाला हात लावला आणि गेली.

२४ जून

सान जोव्हान्नीचा सण. रीतीप्रमाणे कुंपारी तुळशीची कुंडी घेऊन आले, लाल फीत बांधलेली. बेनेदेत्ताला घेतलं. ती झोपली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ते गेल्यावर लिबोरिओनं संत्रं सोललं. शिरा काढल्या. पहिली फोड माझ्या तोंडात घातली आणि पाळण्याकडे बघून म्हणाला, "काय हात आहेत गं त्यांचे! म्हटलं नव्हतं मी? पोर झोपेल म्हणून?"

म्हटलं होतंस रे. सान जुझेप्पेच्या सणाला. मला कुंपारी सुचायच्या आधी.