लोण्यावर वाढलेले ससे

मंगळवार, १४ मार्च
दुपार

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही असेल, असं लिहून पुढे सरकायची रीत आहे. पण नऊ वर्षांत आपण एकमेकींची खुशाली विचारलेली नाही, त्यामुळे तेवढं एक वाक्यही जड जातंय. सकाळपासून दोन पत्रं फाडली. हे तिसरं.

मी आता एका प्रयोगशाळेत काम करते. माझं टेबल सशांच्या खोलीला लागून. चाळीस ससे आहेत. निम्म्यांना साधं खाणं, निम्म्यांना त्याच खाण्यात लोणी आणि अंड्यातला बलक कालवून. कालवायचं काम माझ्याकडेच. हाताचा वास जाता जात नाही, साबणाने बोटांची सालं निघाली. लोण्यावरचे ससे चांगले गुबगुबीत होत असतील असं तुला वाटेल, तर तसं काही नाही. पिंजऱ्यात सगळे सारखेच दिसतात.

फरक आत असतो. काही महिन्यांनी सशाला भूल देऊन, परत जागं न करता, त्याच्या हृदयातून निघणारी मोठी धमनी आम्ही काढून घेतो. तिचे तुकडे सशाच्या अंगाइतक्या उबेत काही तास जिवंत ठेवतो. आपण समजायचो, की खाल्लेली चरबी रक्तातून वाहत येते आणि नळात गाळ बसावा तशी बसते. पण तेवढंच नसतं. धमनीची भिंत स्वतःसुद्धा चरबी बनवते. बाहेर काढलेला तुकडाही बनवत राहतो. कोणत्या खाण्यावर किती बनवली, ते आम्ही मोजतो.

(मधेच उठून आले. उबेच्या पेटीचा काटा बघायला. ठीक होता. सकाळपासून चौथ्यांदा बघितला.)

हे काम मी का धरलं, ते तू ओळखलं असशील. बाबा हृदयाच्या झटक्याने गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, आल्यागेल्यांनी भरलेल्या स्वयंपाकघरात, मी सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "तुझ्या हातच्या लोण्याने मारलं त्यांना." आत्या तिथेच होती, शेजारच्या काकू होत्या. तू हातातलं भांडं धुऊन पालथं घातलंस आणि आतल्या खोलीत गेलीस. तू तेव्हा भांडली असतीस तर बरं झालं असतं.

हा प्रयोग सुरू झाला तेव्हापासून मी देव पाण्यात घालून बसले होते. वाटायचं, दोन्हीकडचे आकडे सारखे येतील, लोणी निर्दोष ठरेल. मग तो कागद पाकिटात घालून तुला पाठवायचा, खाली फक्त सही करायची. मला काही बोलावंच लागणार नाही.

काल आधीच्या चाळीस सशांचे आकडे आले. लोण्यावरच्या सशांच्या भिंतींनी जवळजवळ दुप्पट चरबी बनवली.

आमच्या मॅडम खूश. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं स्वच्छ उत्तर आलंय आणि तुझा चेहरा का पडलाय?"

मी विचारलं, "यावरून एखाद्या माणसाचं सांगता येईल? तो कशाने गेला ते?"

"सशाला जन्मात कधी लोणी मिळतं का? आणि चाळीस सशांवरून एका माणसाचा निवाडा करत नाहीत. कोणाचा करायचाय तुला?"

मी उठून सशांचं खाणं कालवायला गेले.

तर ताई, ससे माझ्या मदतीला आले नाहीत. आता मलाच सांगायला हवं.

बाबा जायच्या तीन आठवडे आधी, सकाळी मी घाईने जिना उतरत होते. ते मधल्या पायरीवर बसले होते. कपाळ घामाने भिजलेलं, तळवा छातीवर. मी थांबले तर म्हणाले, "काही नाही गं, पित्त असेल. ताईला बोलू नकोस, ती डॉक्टरकडे ओढत नेईल." दुसऱ्या दिवशी माझी नोकरीची मुलाखत होती, परगावी. तुला सांगितलं असतं तर घरात धावपळ झाली असती, मला थांबावं लागलं असतं. मी गेले. परत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सांगितलं नाहीस ना?" मी नाही म्हणाले. "शाबास," म्हणाले.

ती शाबासकी घेऊन मी गप्प राहिले. ते गेले, आणि दोष माझ्या अंगावर येण्याआधी मी तो तुझ्या अंगावर ढकलला. विसरले होते असं आजवर स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते.

आणखी एक, आणि तेच खरं कारण आजच लिहायचं. काल संध्याकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, "मावशी, आई बाजारातून येताना दोनदा थांबते. डावा हात चोळते. कुणाला सांगायचं नाही म्हणाली, म्हणून तुला सांगतेय." मी खाण्यापिण्याचं विचारलं, तर म्हणे, "आमच्याकडे लोणी आणतच नाहीत. आईला आवडत नाही." ताई, तू ते बोटाने चाटून खायचीस.

तुझी लेक सोळा वर्षांची आहे. मी तेव्हा चोवीसची होते.

हे पत्र आजच कुरियरने टाकतेय, उद्या मिळेल. गुरुवारी संध्याकाळी मी तिथे पोचते. शुक्रवारी दहाला हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पण चल. माफीचं नंतर बघू. तू दिली नाहीस तरी मी कुरकुर करणार नाही.

सांगायला नऊ वर्षं लावलेली,
तुझी बारकी