कोकिळेच्या मागे उरलेलं ताक

उंद्री,
चैत्र वद्य पंचमी, शके १८८५

तीर्थस्वरूप जनकाबाई यांस,

वामनचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमच्याकडचं मात्र खरं काय ते कळवावं. अर्जुनरावांचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा पाला बांधायला मी सांगितलं होतं, तो त्यांनी बांधला नसणारच. मोताळ्याची माणसं औषध विचारतात फार आणि घेत नाहीत मुळीच. असो. तुम्ही तेरवीच्या दिवशी वाढलेलं पान सोडून दोनच्या गाडीने निघून गेलात, त्याला आज दोन महिने झाले. (तुमचं पान वाया गेलं नाही. शेजारच्या मनकर्णाबाईने नेलं. वडे चांगले झाले होते म्हणाली.) तेव्हापासून आपला पत्रव्यवहार नाही. मी थोरल्या मेव्हणीवर रुसून बसलोय असा तुमचा समज व्हायला नको, एवढ्याचसाठी हे लिहितो आहे. काही मागायचं आहे म्हणून लिहितो आहे असं तर मुळीच समजू नका. मला काही कमी नाही. उलट जे आहे तेच जास्त झालं आहे, आणि ते म्हणजे ताक.

तुमची धाकटी बहीण गेली त्या दिवशी सकाळी चांदीने चार शेर दूध दिलं आणि संध्याकाळी पुन्हा चार शेर दिलं. माणसाला सुतक असतं, म्हशीला नसतं. तिची धार काढावीच लागते, नाहीतर ओरडून आळी डोक्यावर घेते. काढलेलं दूध तापवावं लागतं, तापवलेलं विरजावं लागतं, विरजलेलं घुसळावं लागतं आणि घुसळलं की लोण्याचा एवढासा गोळा आणि मोठी घागरभर ताक. कोकिळा होती तेव्हा ही घागर सकाळी आठाच्या आत रिकामी व्हायची. आमच्या आळीत दुसरं दुभतं नाही. अकरा घरच्या बाया मागल्या दारी तांब्या घेऊन यायच्या, घटकाभर बोलायच्या आणि ताक घेऊन जायच्या. (मी पस्तीस वर्षं समजत होतो की त्या ताकासाठी येतात.) आपल्याकडे तूप विकतात, अडल्यावेळी दूध विकतात, पण ताक कोणी विकत नाही. ते मागेल त्याला द्यायचं आणि ओतून तर द्यायचंच नाही, हा कोकिळेचा नियम. आता सुतकाच्या घरचं पाणीही कोणी घेत नाही, मग ताक कोण घेणार? पहिल्या तीन दिवसांत घरातल्या घागरी, हंडे, परात, पूजेची कळशी आणि शेवटी माझ्या शाळेच्या निरोपाला मिळालेलं मोठं पातेलं, सगळं ताकाने भरलं. समाचाराला परगावाहून येऊन राहिलेल्या माणसांना मी कढी वाढली. सुतकात फोडणी चालत नाही, म्हणून बिनफोडणीची. तुमचे चुलतदीर ती पिऊन ओसरीवर जाऊन रडले. त्यांचं कोकिळेवर एवढं प्रेम असल्याचं मला आधी कधी कळलं नव्हतं.

मला वाटलं, तेरवी झाली की बाया येतील. एकही आली नाही. ऊन तापायला लागलेलं, घराघरात माणसं ताकासाठी जीभ काढून बसलेली, आणि माझ्या मागल्या दारी कुत्रं नाही. चार दिवसांनी मी मनकर्णाबाईला कुंपणावरून विचारलं, तर ती म्हणाली, "भाऊ, घरात बाईमानूस नाही. एकट्या गड्याच्या घरी सकायी सकायी तांब्या घिऊन कोन यीन? लोकाच्या तोंडाले हात लावता येते काय?" मी साठ वर्षांचा, अर्ध्या आळीला मुळाक्षरं शिकवलेला माणूस. तिला म्हटलं, मग मीच घरोघरी नेऊन देतो. ती माझ्याकडे असं बघायला लागली की मी घागर घेऊन गुपचूप घरात आलो. ती स्वतः एक तांब्या नेते. (सत्तरी उलटल्यामुळे तिच्या तोंडी कोणी लागत नाही.) राहिलेल्या ताकाचा वाली मी एकटा.

तेव्हा मी ठरवलं की ताक खाऊन संपवायचं. ह्या दोन महिन्यांत मी जे रांधलं आणि खाल्लं ते लिहून ठेवलं असतं तर शाळेत पुस्तक म्हणून लावता आलं असतं, पण पोरांच्या आईबापांनी तक्रार केली असती. कढी पहिल्या दिवशी फुटली. दुसऱ्या दिवशी बेसन जास्त पडून तिचं पिठलं झालं. तिसऱ्या दिवशी ती उतू जाऊन चूल विझली. मग ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या. त्या बऱ्या झाल्या, म्हणून नऊ दिवस त्याच खाल्ल्या. उकडपेंडीला पाण्याऐवजी ताक. भाकरीचं पीठ ताकात. धिरड्यांना ताक. अंबाडीच्या भाजीत ताक घातलं त्या दिवशी माझे दात असे आंबले की दुसऱ्या दिवशी बोलताना तोंड मिटून घेत होतो, आणि लोकांना वाटलं मास्तर रडू आवरतो आहे. दोघांनी पाठीवर हात फिरवला. मिरच्यांना चिरा देऊन ताकात भिजवून वाळवण घातलं. ताक फार, म्हणून मिरच्या फार. आता माझ्याकडे तळायच्या मिरच्या एवढ्या आहेत की माझं आयुष्य संपून पोराचं, उद्धवचं, अर्धं जाईल. उरलेलं ताक गोडलिंबाच्या मुळाशी घातलं. तो छपराच्या वर गेला. त्याहून उरलं ते चांदीपुढे ठेवलं. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आपलंच परत आलेलं तिलाही ओळखता येतं.

मग एके दिवशी आठवलं की आंबट ताकाने पितळ निघतं. मी उतरंडीवरचं एकूण एक भांडं काढलं आणि ताक, राख घेऊन घासत बसलो. (खरं सांगायचं तर त्या दिवशी संध्याकाळ जात नव्हती. दिवेलागणीला ती देवापुढे वात लावायची तेव्हा बांगड्या वाजायच्या. आता त्या वेळी घरात नुसती म्हैस रवंथ करते. भांडी घासली की आवाज होतो.) भांडी सोन्यासारखी झाली. ती अंगणात पालथी घातली, आणि सकाळपर्यंत उंद्रीभर झालं की मास्तराची बायको जाऊन अजून दोन महिने नाहीत तर घरात भांडी चमकतात. भांडी चमकतात म्हणजे बाई आली, नाहीतर येणार आहे.

गेल्या सोमवारी उकंडराव आला. हा माझा शाळेपासूनचा सोबती, तुम्ही त्याला पाहिलं आहे. उद्धवच्या लग्नात जिलब्या मोजून चौदा खाणारा तोच. ओसरीवर टेकला, भांड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, लपून काऊन करतं बे? माया साळीची ननंद हाये. एकटीच हाये बिचारी. सैपाकाले एक नंबर. बोलू काय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो दारचा पाहुणा. मी म्हटलं, जेवायला थांब, मग बोलू. ह्या घरात बाईवाचून काही अडत नाही हे त्याला बोलून पटणार नव्हतं, तेव्हा मी गोळ्यांची कढी करायला घेतली. त्यातून नेमकं त्या दिवशी ताक कमी होतं. उन्हामुळे चांदी आटत चालली आहे, आणि सकाळचं बरंचसं मी कण्यांत घालून बसलो होतो.

जनकाबाई, ती कढी साधली. कशी ते मला माहीत नाही. डाळ जाडसर वाटली होती, गोळे फुटले नाहीत, गोडलिंबाची फोडणी अशी बसली की मनकर्णाबाईने कुंपणापलीकडून विचारलं, कोण आलंय. उकंडरावाने पहिली वाटी प्यायली आणि खाली ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, हे तं वयनीचीच कढी हाये." एवढं म्हणून तो डोळे पुसायला लागला, आणि त्याच्यामागे मीही. पन्नास वर्षांत आम्ही दोघे एकमेकांपुढे कधी रडलो नव्हतो; कापूस बुडाला तेव्हाही नाही. साळीच्या नणंदेचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. वाटी पुढे केली आणि म्हणाला, "अजून आन." पातेलं खरवडून झालेलं होतं. पाहुण्याला, त्यातून तिच्या कढीसाठी रडणाऱ्या पाहुण्याला, कढी संपली असं कसं सांगायचं? मी आत गेलो आणि कढी पुरवली. कशी पुरवली ते इथे लिहीत नाही. तो पोटभर जेवून गेला एवढं खरं.

तर असं सगळं उत्तम चाललं आहे. माझी काळजी करू नये. उद्धव अक्षय तृतीयेला अकोल्याहून येतो आहे. त्या दिवशी पितरांची पानं वाढायची, त्यात कोकिळेचं पान पहिल्यांदा. त्यावर कढी लागते, तीही मीच करणार आहे. म्हशीसाठी उद्धवने चिखलीचं गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. तुम्ही तेरवीला म्हणालात तेच तो म्हणतो, की म्हैस विका आणि माझ्याकडे चला. बघू. अर्जुनरावांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
वामन

ता. क. : कढी कशी पुरवली ते लिहीत नाही म्हटलं होतं, पण पत्राला अजून जागा आहे. शिंक्यावर विरजणाची वाटी होती. घुसळण्याआधी रोज दोन चमचे दही त्या वाटीत काढून ठेवायचं, हे एक काम मी दोन महिने चुकवलं नव्हतं. कोकिळा लग्न होऊन आली तेव्हा तुमच्या आईने पदराखाली झाकून दिलेलं विरजण ते. तिने पस्तीस वर्षं एक दिवस मोडू दिलं नाही. उद्धवच्या वेळी बाळंतखोलीतून ओरडून विचारायची, विरजलं का म्हणून. ते मी उकंडरावाच्या दुसऱ्या वाटीसाठी पाण्यात घुसळून फोडणीत घातलं. संध्याकाळी दूध तापवलं, शिंक्यात हात घातला आणि मग कळलं.

ता. क. दोन : लिंबू पिळून पाहिलं, दूध नासलं. सुक्या मिरच्यांची देठं टाकून पाहिली, दही तिखट झालं. मनकर्णाबाईने लेकीच्या सासरहून विरजण आणून दिलं. त्याने दही लागतं, पण तार धरतं आणि त्याला कसलाच वास नाही. मी खाऊन पाहिलं. ते ह्या घरचं नाही. सात दिवस झाले, घागर पालथी आहे. ताक उरत नाही आता. दोन महिने मी ज्याला शिव्या दिल्या ते संपलं तर सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाही. धार काढतो आणि दूध तसंच मनकर्णाबाईला देतो. उद्धवला हे दिसलं की तो म्हैस नेणारच, आणि त्याला नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नाही.

ता. क. तीन : कोकिळा ताक साऱ्या गावाला द्यायची, पण विरजण कोणालाही नाही, घरची बरकत जाते म्हणायची. जन्मात एकदाच दिलं, तुम्हाला. पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही आठ दिवस लग्नाला गेलात आणि तुमचं विरजण किडलं, तेव्हा. त्यावरून मी तुम्हाला पंधरा वर्षं चिडवलं. तेरवीला तुम्ही म्हैस विका म्हणालात, तर चाळीस माणसांत मी म्हणालो की जिला दोन चमचे दही जगवता आलं नाही तिने माझ्या घरात अक्कल शिकवू नये. तुम्ही बहिणीच्या तेरवीला उपाशी गेलात ते माझ्यामुळे. माझं चुकलं, जनकाबाई. तुम्ही आठ दिवस लग्नाला गेला होतात. मी घरात असून घालवलं. तिचं विरजण आता ह्या जगात फक्त तुमच्या शिंक्यावर आहे. अक्षय तृतीयेच्या आधी दोन चमचे द्याल का? मी येऊन नेलं असतं, पण बुलढाण्याला गाडी बदलताना माझ्या हातून सांडेल अशी भीती वाटते, आणि आता माझा माझ्या हातावर भरवसा राहिलेला नाही. तुम्हीच या. सकाळच्या गाडीने या म्हणजे ऊन लागून ते आंबणार नाही. आणि जेवून जा.

ता. क. चार : पंधरा वर्षांपूर्वी ते ज्या पितळी वाटीतून नेलंत ती वाटी तुम्ही परत केली नाही. कोकिळा दर दिवाळीला भांडी लावताना म्हणायची, जनकाबाईनं माही वाटी नेली ते नेलीच. तुम्हाला सांगू नका अशी मला शपथ होती. त्याच वाटीतून आणा. तिच्यावर सौ. कोकिळाबाई असं नाव घातलेलं आहे. मनकर्णाबाई म्हणते, मेल्या माणसाच्या नावाचं भांडं घरात नको, घासून काढा. तुम्ही काढू नका. कोकिळा माझ्याआधी गेली, तेव्हा ते 'सौ.' तिचंच आहे.