सरकणारी दुर्बीण

बाबा, काल क्लबात एका मुलीच्या रायफलीवर दुर्बीण बसवून दिली आणि घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. हल्लीच्या रायफलींना वर दातेरी रेल, म्हणजे पट्टी, असते. दुर्बीण ज्यात आवळतात त्या माउंटच्या तळाशी एक आडवा दांडा असतो, तो त्या दातांमधल्या खाचेत बसवायचा, माउंट मागे रेटून धरायचं आणि स्क्रू आवळायचे. मग कितीही छर्रे मारा, दुर्बीण जागची हलत नाही. दहा मिनिटांचं काम. तुम्ही ते माउंट हातात घेऊन उलटसुलट केलं असतं, रेलवरून बोट फिरवलं असतं आणि गालात हसला असतात, कारण हेच तुम्ही पंच्याऐंशी साली घाटकोपरच्या क्लबाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एका पिनेवर भागवलं होतं.

गिरणी बंद पडून तुम्ही कांजूरमार्गच्या छोट्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागला होता. मी कॉलेजात, एनसीसीमधून क्लबात आलेली, एअर रायफल हातात आली की जेवणखाण विसरणारी. क्लबात दुर्बीण लावून मारायचा प्रकार नवीनच सुरू झाला होता. परदेशातून कोणीतरी आणलेल्या दोन दुर्बिणी होत्या, आणि संघासाठी पाच जणं निवडायची होती. माझे पहिले पाच छर्रे एकमेकांना चिकटून बसायचे. मग सगळं वर जायचं, मग डावीकडे, मग कुठेही. आमचे कोच फौजेतून निवृत्त झालेले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तू घाबरतेस. हात हलतो तुझा. निवडीला तुझ्या जागी दुसऱ्या कोणाला तरी घेतो." मी घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. आईला वाटलं मी आजारी आहे. तुम्ही पाटावर बसून बांगड्याचं कालवण आणि भात जेवत होता. तुम्ही मला समोर बसवलंत, दोन्ही हात पुढे करायला सांगितलंत आणि माझ्या पालथ्या पंजांवर पाण्याने काठोकाठ भरलेली एकेक वाटी ठेवलीत. एक थेंब सांडला नाही. "तुझो हात हलणा नाय," तुम्ही म्हणालात. "दुसरा कायतरी हलता."

शनिवारी दुपारी तुम्ही कामावरचे कपडे न बदलता क्लबात आलात. कोचना नमस्कार केलात आणि रायफल बघू का म्हणून विचारलंत. त्या रायफलीला वरच्या अंगाला गुळगुळीत रेल होती, दोन्ही बाजूंना लांब खोबणी. माउंटचे जबडे त्या खोबणींना नुसते आवळून धरायचे. तुम्ही कानामागची पेन्सिल काढून माउंट आणि रेल यांवर मिळून एक बारीक रेघ ओढलीत. "मार," तुम्ही म्हणालात. मी दहा छर्रे मारले. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून डोळा रेलला टेकवता. मग मला हाताने जवळ ओढता. रेघेचे दोन तुकडे झालेत! माउंटवरचा तुकडा मागे सरकलाय, केसाएवढाच, पण सरकलाय. मी किंचाळलेच, बाबा. पूर्ण शेड माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही कोचना समजावून सांगितलंत, की आत जोराची स्प्रिंग आहे, ती सुटली की बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे दणका खाते, त्या दणक्याने दुर्बीण रेलवरून घसरते. कोच म्हणाले, "मग अजून आवळा स्क्रू." तुम्ही मान हलवलीत. "आवळून आटे जातील. हिला टेकायला काहीतरी पाहिजे."

टेकायला पाहिजे होती पिन, आणि पिनेला पाहिजे होतं रेलमध्ये एक उथळ भोक. कोच हबकलेच. रेलच्या खालीच रायफलीचा हवा दाबणारा सिलिंडर. ड्रिल जरा जास्त खोल गेलं की हवा गळणार, रायफल कायमची बाद. "क्लबाची रायफल आहे हो. वाट लागली तर मी कमिटीला काय सांगू?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी बिघडवली तर मीच दुरुस्त करीन, नाहीच झाली तर कमिटीसमोर मी उभा राहीन." कोच बराच वेळ मिशी चावत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी निवड आहे. काय करायचं ते आजच करा."

तुम्ही माउंट घेऊन वर्कशॉपात गेलात आणि तासा-दीड तासात परत आलात. माउंटच्या तळाला एक छोटी पिन बसली होती, तुटलेल्या ड्रिलच्या दांड्यापासून घासून काढलेली. सोबत हाताने फिरवायचं ड्रिल आणि त्याच्या पात्यावर चढवलेली पितळेची रिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा खोल जायला नको. बाकावर गोणपाट पसरून रायफल ठेवलीत, भोकाच्या जागी ठोकून खूण केलीत, तेलाचा एक थेंब सोडलात. मला वाटलं आता तुम्ही सुरू करणार. तर तुम्ही ड्रिल सरळ धरून मला म्हणालात, "फिरव गो. सावकाश."

मी? मी फिरवू? मी ड्रिलची मूठ धरली. पहिल्या फेऱ्याला काहीच झालं नाही, नुसतं कुरकुरलं. मग पोलादाची पहिली चांदीसारखी तार वळत वर आली आणि मुठीत कळलं, की धातू कापला जातोय, माझ्या हाताने कापला जातोय. कोचनी तोंड फिरवलं होतं. रिंग रेलला टेकली, तुम्ही "बस" म्हणालात. फुंकर मारून चुरा उडवलात, माउंट ठेवलंत. पिन भोकात टक करून बसली. तो टक मला अजून बोटांत जाणवतो.

नवी रेघ ओढून मी वीस छर्रे मारले. रेघ अखंड. कागदावरची सगळी भोकं आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली. कोच स्वतः नाणं ठेवून बघत होते आणि म्हणत होते, "झकास! अरे, झकास!" मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "चुकलो गं पोरी." दुसऱ्या दिवशी मी तिसरी आले. संघात नाव लागलं तेव्हा तुम्ही एवढ्या मोठ्याने टाळी वाजवलीत की शेजारचा माणूस दचकला.

बाहेर चहाच्या टपरीवर तुम्ही बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "वर्कशॉपात येशीत काय गो? शेटाक मी सांगतंय. हात चांगलो आसा तुझो." माझी मैत्रीण शेजारी उभी होती. मी हसले आणि म्हणाले, "काय पण, बाबा! मुली कुठे असतात वर्कशॉपात?" तुम्हीही हसलात. "ता पण खरा," म्हणालात आणि चहा संपवलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. मी बँकेत लागले. तुम्हाला जाऊनही आता बावीस वर्षं झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी क्लबात दुर्बिणी बसवायचं काम मागून घेतलं, आणि काल ती मुलगी मला म्हणाली, "मावशी, तुमचा हात किती छान चालतो."

हे लिहिलेलं मी माझ्या हत्यारांच्या खणात ठेवणार आहे, तिथे दुसरं कोणी हात घालत नाही. त्या दिवशी टपरीवर मला हो म्हणायचं होतं, बाबा. मैत्रिणीला लाजले.