चाकामागचा दगड व एक शब्द

प्रति,
माननीय दावे अधिकारी,
वाहन विमा विभाग,
पायथ्याचे कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दावा नाकारण्याचे कारण दुरुस्त करून मिळणे व दगड परत मिळणे याबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. २१७, शेरा : "विमाधारकाच्या वडिलांचा निष्काळजीपणा."

महोदय,

मी, खाली सही करणारी, उताराच्या गल्लीत लाँड्री चालवते. हॉटेलांच्या चादरी पोहोचवायला माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. तिचा विमा नऊ वर्षे आपल्याकडेच आहे. या काळात मी एकदाही दावा केला नाही, तरी हप्ता दरवर्षी वाढला. विचारले असता "डोंगराळ भागाचा अधिभार" असे उत्तर मिळाले. डोंगर नऊ वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे, हे मी तेव्हाच लेखी कळवले होते. त्याची पोच अद्याप आलेली नाही.

२. आमच्या शहरात शाळेचे मैदान सोडले तर सपाट जागा नाही. त्यामुळे गाडी उभी केली की मागच्या चाकाला दगड लावायचा, ही इथली रीत. प्रत्येक गाडीचा दगड ठरलेला असतो. गतवर्षीच्या अर्जात "अतिरिक्त सुरक्षा साधने" असा रकाना होता, तेथे मी प्रामाणिकपणे "दगड, एक" असे लिहिले. तिथेच माझे चुकले. सवलत राहिली बाजूला, आपण त्यास "वाहनातील फेरबदल" ठरवून हप्ता वाढवलात आणि दगडाची खरेदी पावती, वजन व चारही बाजूंचे फोटो मागवलेत. पावती नाही, कारण दगड ओढ्यातला आहे. वजन लाँड्रीच्या काट्यावर साडेसात किलो भरले. फोटो "एकाच बाजूचे वाटतात" म्हणून परत आले. ते मी पुन्हा काढून पाठवले.

३. गेल्या महिन्यात नूतनीकरणाच्या पाहणीसाठी आपले सर्वेक्षक आले. त्यांनी कार्यालयाची गाडी गल्लीच्या वरच्या टोकाला, दगड न लावता उभी केली. हँडब्रेक तपासायचा म्हणून माझी गाडी त्यांनीच गिअरमधून काढायला लावली आणि मग ती तशीच, नुसत्या दगडाच्या आधारावर ठेवून सह्यांसाठी मला आत काउंटरवर नेले. माझे वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे वय शहात्तर. घाटात बत्तीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना आपल्या कार्यालयाची गाडी हळूहळू मागे सरकताना दिसली. तिच्या सरळ खाली भाजीची हातगाडी होती व तिच्याभोवती चार बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या. वडिलांनी हाताशी होता तो, म्हणजे आमचा दगड उपसला आणि आपल्या गाडीच्या चाकामागे सरकवला. आपली गाडी थांबली. आमची अठरा फूट मागे जाऊन गोदामाच्या भिंतीवर आदळली. डिकी आता मागच्या सीटला टेकली आहे.

४. आपल्या पत्रानुसार, उभी गाडी चालू लागली तर तिला उभी धरता येत नाही, आणि आत चालक नसल्याने चालतीही धरता येत नाही. तर मग त्या अठरा फुटांत ती नेमकी काय होती, हे कृपया कळवावे. हप्ता घेताना असा प्रश्न कधी पडल्याचे स्मरत नाही.

५. शिवाय "नोंदवलेले सुरक्षा साधन कुटुंबीयाने जाणूनबुजून काढले" असेही आपण लिहिले आहे. ते खरे आहे. कुठल्या गाडीमागून काढून कुठल्या गाडीमागे लावले, तेवढे लिहायचे राहिले.

६. आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला लाज वाटते. आवाज ऐकून मी बाहेर धावले आणि गाडी पाहून माझे डोके फिरले. सर्वेक्षकांसमोर, गल्लीसमोर मी वडिलांवर ओरडले, "एवढा निष्काळजीपणा, बाबा?" ते धापा टाकत एवढेच म्हणाले, "आपली भिंतीवर जाणार होती गं. त्यांची माणसांवर जात होती." हे उत्तर सर्वेक्षकांनी लिहून घेतले नाही. माझा शब्द मात्र घेतला.

पत्र वडिलांनी स्वतः उघडून वाचले. बत्तीस वर्षांत त्यांच्या बसला ओरखडा नाही. त्या दिवसापासून ते दारात बसत नाहीत. खुर्ची आत घेतली आहे. पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते, धुवायला टाकताना मीच काढते आणि मीच परत ठेवते.

७. तरी विनंती की, दाव्याचे काय करायचे ते आपल्या नियमांनी करावे. चादरी मी सध्या पाठीवरून पोहोचवते. पण तो शब्द माझा होता. मी तो या अर्जाद्वारे परत घेत आहे. आपल्या नोंदीतूनही तो काढावा आणि तसे पत्र माझ्या नावे न पाठवता वडिलांच्या नावे पाठवावे.

८. दगडाविषयी : पुरावा म्हणून सर्वेक्षक तो आपल्या गाडीत घालून घेऊन गेले. तो परत मागण्यासाठी मी विषयात तसे लिहिले होते. अर्ज वाचून दाखवल्यावर वडिलांनी ती मागणी मागे घ्यायला सांगितली. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते : "राहू दे साहेबांकडे. पुन्हा वर आले तर लागेल. फक्त उताराच्या बाजूने लावायचा, एवढं लिही."

तसे लिहिले आहे.

आपली, नऊ वर्षे वेळेवर हप्ता भरणारी,
(सही)
लाँड्रीचालक, उताराची गल्ली
दिनांक : १४

सोबत :
१) वडिलांच्या विनाअपघात सेवेच्या दाखल्याची प्रत.
२) हातगाडीजवळच्या चार बायकांचे सह्यांसह निवेदन. भाजीवालीने पाचवी सही आपणहून केली आहे.