निळ्याच्या पिंजऱ्यावरचं फडकं

३ जून

चि. बबडीस काकाचे अनेक आशीर्वाद.

जावईबापूंची पाठ कशी आहे? तुझा खोकला गेला, की अजून शिलाईमशीनच्या ठेक्यावर खोकतेस? आणि वहिनींचा डावा हात? तुझा हिरव्या पोपट त्या बोटावर बसायचा, म्हणून अर्धांगाच्या आजारपणानंतरही तुझी आई दिवसातून दहादा हात उचलायची. आता तो दुसरा पोपट, निळा, घरात आल्यापासून हिरव्या तिच्याकडे फिरकत नाही आणि हात मांडीवर पडून असतो, हे वाचून घास गोड लागला नाही. व्यायामवाल्या बाईंनी बजावलंय ना, की हलवला नाही तर तो हात कायमचा आखडेल.

पण म्हणून निळ्याला परत देऊ नकोस. त्याचा काय दोष? तुम्ही दोघांना एका पिंजऱ्यात कोंबलंत, एकाच शिट्टीने बोलावता आणि आधी येईल त्याला दाणा देता. मग ते एकमेकांवरच डोळा ठेवून बसणार. मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण टेबलावर दोन घड्याळं एकदम कधी उघडली नाहीत. माझे दोन पोपटही मला कुणी शिकवलं नसताना असेच एकेक करून शिकवले.

तेव्हा पिंजरे वेगळे कर. हिरव्याला शिट्टी, निळ्याला टिचकी. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, एका वेळी एकच. हिरव्या जुना, त्याला आधी. तोवर निळ्यावर फडकं टाक, म्हणजे कटकट नाही. वहिनींना समजावून सांग आणि काय होतं ते कळव.

तुझा काका

१९ जून

ती. काकांना बबडीचा सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. माझा खोकला गेला. ह्यांची पाठ काम सांगितलं की दुखते, एरवी नाही.

पिंजरे वेगळे केले. शिट्टी आणि टिचकी दोन्ही लागू पडल्या. ह्यांना शिट्टी येत नाही, ते दोघांनाही 'अहो' म्हणतात आणि एकही ओ देत नाही.

घोडं अडलं ते फडक्यापाशी. मी निळ्यावर फडकं टाकलं, आईने मान हलवली. पुन्हा टाकलं, तर तिने ते ओढून पाडलं. काकांनीच सांगितलंय म्हणून मी तिच्यावर वैतागले. मग ती एकेक शब्द जुळवत बोलली. म्हणाली, ती आजारी पडल्यापासून येणारा-जाणारा तिच्यादेखत मला विचारतो, आई जेवल्या का, आईंना झोप लागते का. फडक्याआड बसणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक आहे. मी फडकं घडी करून ठेवून दिलं.

आता मी हिरव्याला शिकवते तेव्हा आई निळ्याजवळ बसते आणि गजांतून राळ्याचं कणीस धरते. टांगलेला पिंजरा डुलतो, तो उजव्या हाताने धरावा लागतो, म्हणून कणीस डाव्यात. पहिले चार दिवस सारखं पडायचं. मी उचलून दिलं तर रागवायची. काल पुरी दहा मिनिटं धरलं. हात थरथरतो तेव्हा निळा चोच मागे घेऊन थांबतो, मग पुन्हा खातो. हिरव्या अजून आईकडे जात नाही, पण तिची तक्रार नाही. निळ्याला परत द्यायचा विषय तिने बंद केलाय.

लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची बबडी

२७ जून

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

वहिनी, तुमची प्रकृती कशी आहे? हाताला रग लागते का? रात्री झोप लागते का?

आजारपणापासून तुमची चौकशी प्रत्येक पत्रात केली, पण सगळी बबडीकडे. घरात पाऊल टाकल्यापासून तुम्ही मला भाऊजी म्हणत आलात आणि मला दोन ओळी तुमच्या नावाने लिहायचं सुचलं नाही. चुकलो.

फडकं मीही वर्षानुवर्षं टाकत आलोय. परवापासून बंद केलं. पण माझा पाळीची वाट बघत थांबलेला पोपट आरडाओरडा करतो आणि मी कणीस पुढे केलं की बोटालाच चावतो. तुम्ही कणीस किती लांब धरता? तो खाताना त्याच्याशी बोलता, की गप्प बसता? बबडीला हे माहीत नसणार, ती हिरव्यात गुंतलेली असते.

उत्तर तुमच्याच हातचं हवं. अक्षर कसंही असो, वेळ लागला तरी चालेल. नाही, तसा फार लावू नका. बोट सुजलंय, लवकर लिहा.

तुमचा भाऊजी